जर्मनीत शिकताना भाषेचा वर्ग आणि भटकंती यांची सांगड कशी घालायची

पुणे, नाशिक, नागपूरकडून मास्टर्ससाठी जर्मनीत येणाऱ्या मुलामुलींचा कोर्स बहुतेकदा इंग्रजीत असतो. त्यामुळे जर्मन भाषा ‘बघू पुढच्या सेमिस्टरला’ म्हणून मागे पडते. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की प्राग, पॅरिस, ॲमस्टरडॅम. दोन वर्षं कधी संपली ते कळत नाही. मग नोकरी शोधायची वेळ येते, जाहिरातींत जर्मनची पातळी बी२ मागितलेली असते (ए१ ही नवशिक्याची पातळी, मग चढत्या क्रमाने ए२, बी१, बी२) आणि इथे अजून बेकरीत बोट दाखवून पाव घेणं चाललेलं असतं.

भटकंती कमी करा असं मी सांगणार नाही. उलट जास्त करा, पण ती भाषेच्या वर्गाला जोडून करा. आठवड्यात वर्गात जे शिकलात ते शनिवारी रेल्वेत, बाजारात, संग्रहालयात वापरायचं आणि तिथे जे अडलं ते सोमवारी वर्गात विचारायचं. हे जमवायला तिकीट, वर्गाची नोंदणी आणि कागदपत्रं या तिन्हींचं वेळापत्रक एकत्र बघावं लागतं. ते कसं, हे निघायच्या आधीपासून सुरू करू.

निघण्याआधी: ए१ घरीच उरका

विद्यापीठाच्या भाषा केंद्रात सगळ्यात आधी भरतो तो ए१ चा वर्ग, कारण जगभरातून आलेला प्रत्येक जण नवशिका असतो. ए२ च्या वर्गात त्या मानाने जागा मिळते. म्हणून ए१, आणि जमलंच तर ए२, भारतातच पूर्ण करून या. पुण्यात बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग हे जुने, भरवशाचे पर्याय आहेत. गाव लहान असेल तर ऑनलाइन वर्ग घ्या. डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेचे ए१ ते बी१ पर्यंतचे मोफत धडेही चांगले आहेत, मात्र बोलायला समोर माणूस हवाच.

मराठी मुलांना दोन गोष्टी सोप्या जातात, त्यांचा फायदा घ्या. जर्मन आकड्यांत एकक आधी येतं, म्हणजे एकवीस हे ‘एक आणि वीस’. इंग्रजीतून विचार करणाऱ्याचा इथे गोंधळ होतो, आपण मात्र ‘बावीस, तेवीस’ म्हणतच वाढलो. दुसरं म्हणजे तीन लिंगं. तो-ती-ते डोक्यात असल्यामुळे डेअर-डी-डास ही कल्पना नवी नसते. कोणत्या शब्दाला कोणतं लिंग, हे मात्र पाठच करावं लागतं, त्याला पळवाट नाही.

आकडे कानाने ओळखता येईपर्यंत विमानात बसू नका. फलाट, भाव, वेळ, घर क्रमांक, पहिल्या महिन्यात सगळं आकड्यांवरच चालतं.

पहिले तीन आठवडे: कागद आणि वर्ग एकाच वेळी

हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरपासून धरतात आणि विद्यापीठांत तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिलपासून, तासिका एप्रिलच्या मध्यावर. उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत, म्हणजे होखशूलेंमध्ये, बरंचसं यापेक्षा आधी सुरू होतं.

नेमक्या याच दिवसांत तुमच्यामागे कागदांचा ससेमिरा असतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. आरोग्य विमा, बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे आधीच भरलेले पैसे महिन्याला ठरावीक हप्त्याने देणारं खातं) सुरू करणं, निवास परवान्याची अपॉइंटमेंट हे सगळं याच सुमारास. या गडबडीत भाषा वर्गाच्या नोंदणीची खिडकी उघडते आणि बंदही होते. ती अनेक ठिकाणी काही दिवसच उघडी असते.

त्यामुळे प्रवेशपत्र हातात आलं की भारतातूनच विद्यापीठाच्या भाषा केंद्राचं पान उघडा. नोंदणी कधी उघडते, पातळी ठरवणारी चाचणी कधी आहे, ती घरून देता येते का, हे बघून तारखा फोनमध्ये टाका. चाचणीत आव आणू नका. वरच्या वर्गात घुसलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात गप्प होतो आणि पाचव्या आठवड्यात यायचा थांबतो.

वर्ग कोणता घ्यावा

विद्यापीठाचं भाषा केंद्र ही पहिली पसंती. तिथे नोंदणीकृत विद्यार्थ्यांना वर्ग मोफत किंवा अगदी कमी शुल्कात असतात आणि काही अभ्यासक्रमांत त्याचे क्रेडिटही मिळतात. अडचण एकच, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा दीड तास हा वेग फार मंद असतो. एक पातळी संपायला वर्ष जाऊ शकतं.

त्याला जोड म्हणून फोल्क्सहोखशूले बघा. ही गावोगावी असलेली, सार्वजनिक पैशांवर चालणारी प्रौढांची शाळा. संध्याकाळचे वर्ग, माफक फी, आणि स्वयंपाकापासून फोटोग्राफीपर्यंत सगळं शिकवतात. मी मराठी मुलांना हीच शाळा आवर्जून सुचवतो, कारण वर्गात शेजारी बसलेली माणसं विद्यापीठातली नसतात. एकीकडे युक्रेनमधून आलेली बाई, दुसरीकडे सीरियातला सुतार, मागे ब्राझीलहून आलेली परिचारिका. इंग्रजी कुणालाच धड येत नाही, त्यामुळे मधल्या सुट्टीत कॉफी घेतानाही मोडक्या जर्मनशिवाय इलाज नसतो. विद्यापीठाच्या वर्गात सुट्टी झाली की सगळे लगेच इंग्रजीवर घसरतात.

गोएथं इन्स्टिट्यूट, म्हणजे भारतात जिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात ती संस्था, उत्तम, पण महाग. परीक्षा तिथे द्या, पूर्ण शिक्षण तिथे घेणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेलच असं नाही. खासगी शाळांचे इन्टेन्सिव्ह वर्ग फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर या सेमिस्टरच्या सुट्टीत घ्यावेत. त्यात आठवड्याला साधारण २० तासिका असतात, तासिका ४५ मिनिटांची. पैसे भरण्याआधी वर्गात किती जण असतात, मधेच सोडावं लागलं तर पैसे परत मिळतात का, आणि पातळी नेमकी कुठून कुठपर्यंत जाते, हे विचारा. ‘बी१ चा वर्ग’ म्हणून जाहिरात केलेला वर्ग पुष्कळदा फक्त बी१.१, म्हणजे अर्धाच असतो.

टँडेम मात्र फुकट असतो. हिंदी, इंग्रजी किंवा मराठी शिकू पाहणारा जर्मन विद्यार्थी गाठायचा, एक तास त्याची भाषा, एक तास तुमची. भाषा केंद्र अशा जोड्या लावून देतं. मराठी शिकणारा क्वचित भेटेल, पण भेटला तर सोडू नका.

तिकीट: सगळी भटकंती यावरच

डॉइचलांडटिकेट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. महिन्याभराच्या या तिकिटावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरी रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत याची विद्यार्थी आवृत्ती सेमिस्टरच्या शुल्कातच धरलेली असते आणि ती बरीच स्वस्त पडते. तेव्हा वेगळं तिकीट काढण्याआधी सेमिस्टरच्या पैशांत काय काय आहे ते वाचा.

तिकीट तुमच्या नावावर असतं, मित्राला देता येत नाही, आणि सोबत ओळखपत्र लागतं. विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो. स्वतंत्र काढलेलं तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं. जर्मनीत वर्गणी सुरू करणं सोपं आणि थांबवणं कटकटीचं, त्यामुळे अशा प्रत्येक गोष्टीची मुदत लिहून ठेवा. रेल्वेचं सवलत कार्ड बानकार्डही त्यातलंच.

आईबाबा आले की राज्याचं दिवसाचं तिकीट काढा. बायर्न टिकेट हे त्यातलं प्रसिद्ध. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत, सोम ते शुक्र सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी सकाळपासूनच.

आता गाड्यांच्या वेळेबद्दल. जर्मन रेल्वे घड्याळावर चालते ही समजूत मुंबईतच ठेवून या. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. गाडी बदलायला सात मिनिटं दाखवत असतील तर त्यावर विसंबू नका, पुढची जोडगाडी किती वाजता आहे ते आधीच बघा. परतीची शेवटची गाडी कधीच धरायची नाही, तिच्या आधीची धरायची.

पण हाच घोळ भाषेच्या कामी येतो. मोठ्या स्थानकांवर घोषणा इंग्रजीतही होतात, लहान ठिकाणी फक्त जर्मनमध्ये. फलाटावर सगळे निवांत उभे असतात, भोंग्यातून काहीतरी खरखरतं आणि अचानक सगळे पिशव्या उचलून जिन्याकडे धावतात. तुम्ही मात्र तिथेच. अशा वेळी तीन शब्द कानाला पकडता आले पाहिजेत: ग्लाइस म्हणजे फलाट, फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द, आणि एरझात्सफेरकेअर म्हणजे रेल्वेऐवजी बस. चौथा शब्द त्सूगटाइल, गाडीचा भाग. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागल्या जातात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्याच. डब्यात चढताना दारावरची पाटी वाचा आणि शंका असेल तर शेजारच्या आजींना विचारा. त्या उतरेपर्यंत सोबत बोलतील.

एक शनिवार नमुन्यादाखल

श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या मुलाचा विचार करू. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि तिथे मोटारींच्या कंपन्यांमुळे मराठी मुलंही पुष्कळ. प्रादेशिक गाडीने तासाभरात ट्युबिंगेन हे गाव. १४७७ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, खगोलशास्त्रज्ञ केप्लर इथेच शिकला. बाजारचौकातला नगरपालिकेचा वाडा १४३५ चा, त्यावरचं खगोलीय घड्याळ १५११ चं.

शुक्रवारी रात्री जर्मन विकिपीडियावर गावाचं पान उघडा आणि फक्त पहिले दोन परिच्छेद वाचा. अडलेले दहा-पंधरा शब्द वहीत लिहा, फोनमध्ये नाही. शनिवारी दिवसभरात तीन कामं जर्मनमध्येच करायची, असं आधीच ठरवून जा. किल्ल्यातल्या संग्रहालयाचं तिकीट काढणं आणि विद्यार्थी सवलत मागणं, हे पहिलं. ही सवलत जवळपास सगळीकडे असते, पण मागावी लागते. या संग्रहालयात फोगेलहेर्ड गुहेत सापडलेल्या मॅमथच्या दाताच्या छोट्या मूर्ती आहेत, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या. त्यातला घोडा तळहातात मावेल एवढा आहे. पाटीवरचा मजकूर जर्मनमध्ये वाचा, नाही कळला तर मग इंग्रजी.

दुसरं काम नेकार नदीवर. उन्हाळ्यात इथे लांब बांबूसारख्या काठीने ढकलत नेणारी सपाट नाव असते, श्टोखरकान. नावाड्याला फेरी किती वेळाची, भाव काय, पुढची कधी, हे विचारा. इथे आकडे कामाला येतात आणि श्वेबिश ही इथली बोलीही कानावर पडते. वर्गात शिकवतात ती प्रमाण जर्मन. नावाडी बोलेल त्यातलं अर्धं डोक्यावरून गेलं तर घाबरू नका, सोलापूरची मराठी पहिल्यांदा ऐकणाऱ्याचंही तेच होतं.

तिसरं काम म्हणजे कॅफेत किंवा बेकरीत नुसतं मागवायचं नाही, एखादा प्रश्न विचारायचा. यात मांस आहे का, हा शाकाहारी माणसाचा हक्काचा प्रश्न. श्वाबेन या भागाची माउलटाशेन ही करंजीसारखी दिसणारी गोष्ट सहसा मांसाची असते, कॅझश्पेत्सलं मात्र चीज आणि कांद्याचं. तरी विचारलेलं बरं. डब्यात दशम्या असतीलच. सुटी नाणी ठेवा, लहान दुकानं कार्ड घेतीलच असं नाही आणि स्थानकावरचं स्वच्छतागृह फुकट नसतं.

तुमचे उच्चार ऐकून समोरचा इंग्रजीत वळला तर ‘इश लेर्नं डॉइच, बिट्टं लांगझाम’ (मी जर्मन शिकतोय, कृपया सावकाश) म्हणा. बहुतेक जण हसून परत जर्मनवर येतात. घाईतला तिकीट खिडकीवाला येणार नाही, त्याला सोडून द्या.

रविवारी दुकानं बंद असतात, तो दिवस लिहिण्याचा. काल काय केलं ते भूतकाळात आठ-दहा ओळी. सोमवारी शिक्षिकेला किंवा टँडेमला दाखवा.

एक अप्रिय गोष्ट. सहा मराठी मुलं मिळून गेलात तर दिवस झकास जाईल आणि जर्मनचा एक शब्द तोंडातून निघणार नाही. अशा सहली कराव्यात, गणपतीत मंडळातही जावं, पण त्यांना अभ्यासाच्या खात्यात धरू नये. अभ्यासाच्या सहलीला फार तर दोघं, आणि शक्यतो दुसरा माणूस फोल्क्सहोखशूलेतला.

पातळी पाहून ठिकाण

ए१ वर असाल तर पहिले दोन महिने स्वतःच्या शहराबाहेर पडायची गरजच नाही. आठवडी बाजार, वाचनालयाचं कार्ड, पोहण्याचा तलाव. बाजारात ‘आइन फुंड’ म्हणजे अर्धा किलो.

ए२ वर संग्रहालयं सुरू करा. इथे एक युक्ती बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक संग्रहालयं आणि सरकारी संस्था ‘लाइश्टं श्प्राखं’ मध्ये, म्हणजे मुद्दाम सोप्या केलेल्या जर्मनमध्ये, माहितीपत्रकं ठेवतात. ती वाचायला अडचण असलेल्या लोकांसाठी असतात आणि ए२ च्या विद्यार्थ्यालाही नेमकी बसतात. खिडकीवर मागा. म्युनिकमध्ये राहत असाल तर पिनाकोथेक संग्रहालयांना रविवारी तिकीट फक्त १ युरो, तेव्हा एका रविवारी एकच दालन बघा.

बी१ कडे सरकताना जर्मनमधली मार्गदर्शित फेरी, फ्युरुंग, घ्या. नॉयश्वानश्टाइन किल्ला आतून फक्त ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर बघता येतो, तेव्हा ऑनलाइन आधी काढा. म्युनिकहून किल्ल्याजवळच्या फ्युसेनपर्यंत डॉइचलांडटिकेट चालतं, पुढे बस. बर्लिनमध्ये राइशश्टागचा, म्हणजे संसद भवनाचा, काचेचा घुमट फुकट आहे, पण आधी नाव नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. कोलोनचं कॅथेड्रल १२४८ ला सुरू होऊन १८८० ला पूर्ण झालं. ५३३ पायऱ्या चढायची तयारी असेल तर मनोरा बघा. म्युनिकजवळ डाखाउची छळछावणी १९३३ ची, आता स्मारक आहे, प्रवेश मोफत. तिथे मात्र भाषेचा सराव वगैरे डोक्यात ठेवू नका. जी भाषा नीट कळते त्याच भाषेतली फेरी घ्या.

माझी एक खास शिफारस म्हणजे डेसाउ. भारतातली गोएथं इन्स्टिट्यूटं ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते मॅक्स म्युलर १८२३ मध्ये इथे जन्मले. आयुष्य वेदांवर घालवलं, भारतात मात्र कधी आले नाहीत. गावात बाउहाउस या प्रसिद्ध कला-वास्तुकला शाळेची १९२६ ची इमारतही आहे. बर्लिनहून प्रादेशिक गाडीने दिवसभरात जाऊन येता येतं आणि पर्यटकांची झुंबड नसल्यामुळे लोक निवांत बोलतात.

सीमेपलीकडे जाताना

जर्मन निवास परवाना असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात, फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच भूसीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे बसमध्ये पोलीस चढणं ही नेहमीची गोष्ट झाली. परवान्याचं नूतनीकरण अडकून तात्पुरता कागद, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, हातात असेल तर त्यावर परत येता येतं की नाही, हे परदेशी नागरिक कार्यालयाला विचारल्याशिवाय देश सोडू नका. इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथला व्हिसा वेगळा.

कमी खर्चात सीमा ओलांडायची तर डॉइचलांडटिकेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतं. केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत जाऊन ऱ्हाइनवरच्या पादचारी पुलावरून चालत फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गलाही जाता येतं.

परीक्षा कधी द्यायची

बी१ चं प्रमाणपत्र हे नुसतं शोभेचं नाही. पुढे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास परवान्यावर, नोकरी लागली तर कायमच्या वास्तव्यासाठी ए१ असताना २७ महिने थांबावं लागतं, बी१ असेल तर २१. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या शेवटाची वाट न बघता, प्रबंधाचं काम सुरू होण्याआधीच्या सुट्टीत परीक्षा ठेवा.

गोएथंच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण हवेत. संभाषणाच्या पहिल्या भागात जोडीदाराबरोबर काहीतरी मिळून आखायचं असतं: कधी जायचं, कशाने जायचं, काय न्यायचं, कोण काय करणार. ज्याने दर शुक्रवारी फोल्क्सहोखशूलेतल्या मित्राशी शनिवारची गाडी आणि डबा जर्मनमध्ये ठरवला आहे, त्याला इथे वेगळी तयारी करावी लागत नाही. दुसऱ्या भागात एखाद्या विषयावर छोटं भाषण असतं, त्यात स्वतःच्या देशातली परिस्थिती सांगावी लागते. त्याचा सराव टँडेमबरोबर करा, घड्याळ लावून.

चारही भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे एखाद्यात घसरलात तर तेवढाच पुन्हा द्या. मोठ्या शहरांत जागा लवकर भरतात. तिथे तारीख मिळत नसेल तर शेजारच्या लहान शहरातलं परीक्षा केंद्र बघा. तिथपर्यंत जायचं तिकीट तुमच्याकडे आहेच.